प्रकल्प नोंदी : आईचा ४८६ आणि सतरावी फ्लॉपी

रविवार, २० ऑक्टोबर २०२४

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आईचा संगणक खाली काढला. १९९५ साली पतपेढीचे कर्ज काढून घेतलेला हा असेंबल्ड संगणक ४८६ डीएक्स२ प्रोसेसरचा, ६६ मेगाहर्ट्झचा आणि ८ एमबी मेमरीचा. त्यावर तिने सुमारे आठ वर्षे घरबसल्या डीटीपीची, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पाने लावण्याची कामे केली. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांची हस्तलिखिते स्कूटरच्या डिकीतून घरी येत, आई ती टाइप करून पेजमेकर या प्रोग्रॅममध्ये फर्म्याच्या, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या हिशेबाने पाने लावी, आणि घरी लेझर प्रिंटर नसल्यामुळे बटरपेपरवर प्रिंट काढायला फ्लॉपी घेऊन मला शनिपाराजवळच्या एका दुकानात पाठवी. मधल्या वेळात लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका आणि सोसायट्यांचे वार्षिक अहवाल असत.

या प्रकल्पाचा हेतू मर्यादित आहे. १९९७ साली आईने तिच्या आईकडून, म्हणजे माझ्या आजीकडून, ऐकून घेतलेल्या जात्यावरच्या ३१२ ओव्या याच संगणकावर टाइप केल्या होत्या. आजी तोरण्याच्या पायथ्याच्या गावची. त्या ओव्यांची एकमेव छापील प्रत २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात तळमजल्यावरच्या घरातील इतर कागदपत्रांबरोबर गेली. संगणक व फ्लॉप्यांचा डबा माळ्यावर होता म्हणून वाचला. ओव्यांची फाइल सतराव्या क्रमांकाच्या फ्लॉपीवर आहे, असे आई ठामपणे सांगते. ती फाइल वाचून आजच्या, कोणत्याही फोनवर दिसणाऱ्या देवनागरीत आणणे, एवढेच काम ठरवले आहे. जुने यंत्र चालू करण्याची हौस हा त्यातला माझा वाटा असून तो मी नाकारणार नाही.

शनिवार, २ नोव्हेंबर २०२४

पाडव्याचे जेवण झाल्यावर कॅबिनेट उघडले. धूळ अपेक्षेपेक्षा कमी होती, मात्र मदरबोर्डच्या कोपऱ्यात, कीबोर्डच्या गोल पाच पिनी सॉकेटशेजारी, जी पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते ती फुटून तिच्याभोवती हिरवट-निळी भुकटी जमली होती. या काळातल्या बहुसंख्य बोर्डांचा मृत्यू याच कारणाने होतो. बॅटरीतील पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपते आणि तांब्याच्या रेषा वर्षानुवर्षे सावकाश खात राहते. यंत्र वापरात असो वा नसो, तिला त्याचे काही नसते. आजचे काम एवढेच की ती बॅटरी कापून काढली, भिंगातून पाहून खराब झालेल्या रेषांचे फोटो घेतले आणि बोर्ड सुटा करून ठेवला.

आईने फोटो पाहून विचारले, "हे मोरचूद कुठून आलं?" रसायनाच्या दृष्टीने तिचा अंदाज फार दूर नव्हता.

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

सकाळी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत जाऊन आयसोप्रोपिल अल्कोहोल, बारीक एनॅमल्ड तार, तीन पेन्सिल सेलचा होल्डर आणि एक डायोड घेतला. दुकानदाराने पाच पिनी कीबोर्डचा प्लग पाहिल्यावर आतून आपल्या वडिलांना बोलावून आणले, ही बाब खर्चाच्या हिशेबात येत नसली तरी नोंदवून ठेवतो.

घरी आल्यावर खराब भाग आधी व्हिनेगरने पुसला, कारण अल्कली मारायला सौम्य आम्ल लागते, मग ऊर्ध्वपातित पाण्याने आणि शेवटी अल्कोहोलने. कीबोर्ड कंट्रोलरकडे जाणाऱ्या दोन रेषा तुटलेल्या निघाल्या. त्यांना तारेचे सांधे दिले. नव्या बॅटरीऐवजी बाहेरच्या जोडणीवर तीन सेल लावले आणि बोर्डाने त्यांना चार्ज करण्याचा प्रयत्न करू नये म्हणून मध्ये डायोड बसवला.

पॉवर सप्लायची चाचणी सिरीज बोर्डावर, १०० वॉटचा बल्ब मध्ये ठेवून घेतली. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नाही. या जुन्या एटी कॅबिनेटमध्ये पुढच्या बटणापर्यंत २३० व्होल्टची वायर सरळ येते, आजच्यासारखा हलका इशारा येत नाही. हे लहानपणी कोणीच आम्हाला सांगितले नव्हते, आणि झाकण उघडे ठेवून तो संगणक आम्ही महिनोन्‌महिने वापरला होता.

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

यंत्र सुरू झाले. मेमरी मोजताना होणारा टक्‌टक् आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि ८१९२ पर्यंतची मोजणी संपेपर्यंत दारात उभी राहिली. त्यानंतर पडद्यावर आलेला संदेश असा होता की कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा. हा विनोद संगणकाइतकाच जुना आहे, पण तो आपल्यावर झाला की हसू येत नाही. एका सांध्याला पुन्हा डाग दिल्यावर कीबोर्ड सापडला.

बॅटरी गेल्यामुळे सेटअपमधली सर्व माहिती पुसली गेली होती आणि तारीख १ जानेवारी १९८० दाखवत होती. हार्ड डिस्कची मापे डिस्कवरच्या लेबलावरून हाताने भरावी लागली : ८२६ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा धरून गुणाकार केला की ४२,६२,९५,२९६ बाइट होतात, म्हणजे आज फोनवर कोणी पाठवलेला लग्नाचा एक व्हिडिओ मावेल न मावेल एवढी जागा. त्या जागेत आईने दीडशेच्या आसपास पुस्तके बसवली होती, एकेक छापून गेले की पुसून, पुढच्याला जागा करून.

डिस्क फिरली. डॉस ६.२२ आले, मग विंडोज ३.१ चे चार रंगी चौकोन आले, आणि प्रोग्रॅम मॅनेजरमध्ये "लोकांचे" आणि "आपले" अशा नावांचे दोन गट दिसले, रोमन लिपीत लिहिलेले. "आपले" मध्ये फक्त पत्त्यांचा खेळ आणि राईट हा लेखनाचा साधा प्रोग्रॅम होता. स्वतःचे लिखाण आई हार्ड डिस्कवर कधीच ठेवत नसे. डिस्कवरची जागा पैसे देणाऱ्यांची, स्वतःचे ते फ्लॉपीवर, असा तिचा नियम होता. ओव्यांची दुसरी प्रत डिस्कवर सापडेल ही माझी आशा त्यामुळे आजच संपली.

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

हार्ड डिस्क किती दिवस साथ देईल याचा भरवसा नसल्यामुळे तिच्यावरचे उपयोगी तेवढे आधी बाहेर काढले. एवढ्या जुन्या डिस्का बाजारातल्या स्वस्त यूएसबी अडॅप्टरला पुष्कळदा ओळखीच देत नाहीत, कारण अडॅप्टर सेक्टरला एकच अनुक्रमांक देऊन बोलतो आणि या डिस्कांना सिलिंडर-हेड-सेक्टर असा त्रिस्थळी पत्ता लागतो. म्हणून सिरियल पोर्टचा मार्ग घेतला. दोन व तीन क्रमांकाच्या पिना उलटसुलट जोडून केबल तयार केली, फाइली पीकेझिपने आवळल्या, त्यांचे १४ एमबी झाले, आणि टेलिक्स या डॉसवरच्या मोडेम चालवण्याच्या प्रोग्रॅममधून, झेडमोडेम या फाइली पाठवण्याच्या पद्धतीने माझ्या लॅपटॉपकडे पाठवल्या. पोर्टची चिप जुनी असल्यामुळे ३८,४०० बिटांच्या वर गेले की अक्षरे गळत होती. त्या वेगाने एक तास चार मिनिटे लागली.

फाइलींमध्ये मराठी टंकाच्या, म्हणजे फाँटच्या, टीटीएफ फाइली मिळाल्या, ज्या पुढे लागतील. टेलिक्सच्या फोल्डरमध्ये १९९६ ते १९९८ मधल्या कॅप्चर फाइलीही निघाल्या. त्या काय आहेत हे मला लगेच कळले, पण आज उघडल्या नाहीत; एका वेळी एक काम.

बुधवार, २० नोव्हेंबर २०२४

मतदान करून आल्यावर उरलेला दिवस फ्लॉप्यांना दिला. डब्यात २४ आहेत. साडेतीन इंची फ्लॉपीला आपण १.४४ एमबीची म्हणतो, पण तिच्यावर २८८० सेक्टर, म्हणजे १४,७४,५६० बाइट असतात, आणि ही संख्या एमबी मोजण्याच्या कोणत्याही सरळ पद्धतीने १.४४ येत नाही. एकदा १,०२४ ने आणि एकदा १,००० ने भागण्याचा तो संमिश्र हिशेब सगळ्या जगाने मुकाट्याने स्वीकारला.

सतरावी हातात घेऊन पत्र्याची झडप सरकवली तेव्हा आतल्या तपकिरी चकतीवर पांढऱ्या बुरशीचे ठिपके दिसले. पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर २० वर्षे काढल्यावर दुसरे काय दिसणार? अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालणे म्हणजे चकतीही खरवडणे आणि हेडही घाण करणे. कानकोरण्याचा कापूस अल्कोहोलमध्ये बुडवून, मागचा धातूचा चक्राकार भाग बोटाने कणाकणाने फिरवत दोन्ही बाजू पुसल्या. या एका फ्लॉपीला ४० मिनिटे लागली. आईने शेजारी बसून लेबल वाचले. त्यावर तिच्या अक्षरात "ओव्या – आई – पुसू नये" असे लिहिले होते, आणि "पुसू नये" खाली दोन रेघा होत्या.

रविवार, १ डिसेंबर २०२४

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने सतरावी वाचायला नकार दिला. मग ग्रीसवीझल हे छोटे मुक्त-स्रोत उपकरण जुन्या अंतर्गत ड्राइव्हला जोडून वाचन केले. ते सेक्टर मागत नाही, हेडखालून जाणारा चुंबकीय बदलांचा प्रवाह जसाच्या तसा टिपते, आणि त्यातून सेक्टर उलगडण्याचे काम नंतर निवांत करता येते. सात वाचने एकत्र केल्यावर २८८० पैकी २८७६ सेक्टर शुद्ध मिळाले.

ओव्यांची फाइल सापडली. राईटमधली, ३६ केबी, शेवटची तारीख २३ डिसेंबर १९९७. न मिळालेल्या चार सेक्टरांपैकी दोन मात्र नेमके याच फाइलच्या मधोमध आहेत, म्हणजे १,०२४ बाइट गेले. फाइल ४८६ वर नेऊन उघडली, तर आईच्या टंकात अक्षरे लख्ख उभी राहिली आणि १३८ व्या ओवीनंतर एक अर्धवट तुकडा येऊन एकदम १४८ वी सुरू झाली. नऊ ओव्या नाहीत. आई काही वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "भावाच्या होत्या त्या. बंधूच्या."

रविवार, ८ डिसेंबर २०२४

आज टंकाचे कोडे हाती घेतले. हीच फाइल लॅपटॉपवर उघडली की युरोपीय भाषांतल्या टोप्या-टिंबांच्या रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो, कारण तेव्हाच्या डीटीपीच्या टंकांनी २५६ जागांमध्ये देवनागरीचे तुकडे आपापल्या मर्जीने बसवले होते. सरकारी मानक नव्हते असे नाही. पुण्यातच १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणणारे जिस्ट तंत्रज्ञान पुढे नेले होते, या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारे इस्की हे मानक १९९१ मध्ये आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जगभरच्या लिप्यांसाठी तेच काम करणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. मात्र घरगुती डीटीपीवाल्याला पेजमेकरमध्ये पान लावायचे असे, आणि पेजमेकरला अक्षर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, त्याला फक्त आकार हवे होते. तेव्हा श्री-लिपि, आकृति, आयएसएम अशी प्रत्येक प्रणाली आपला टंक, आपली कोष्टके घेऊन आली.

आईच्या टंकाचे कोष्टक मिळाले नाही. तिचे सॉफ्टवेअर ज्या डोंगलवर चालत असे, म्हणजे प्रिंटरच्या पोर्टला मागे लावायचा तो कुलपाचा ठोकळा, तो हरवला आहे, आणि ते विकणाऱ्यांचा आता ठावठिकाणा नाही. मी टीटीएफ फाइलमधला एकेक आकार पाहून तक्ता करायला बसलो होतो. ६० आकारांनंतर आई शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "थांब, बोटांना विचारते."

तिने ४८६ चा कीबोर्ड मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. आई मराठी टंकलेखनाची ४० शब्दांची परीक्षा उत्तीर्ण झालेली. गोदरेजच्या टंकलेखन यंत्रावरची तिची सवय संगणकावर जशीच्या तशी आली होती. त्या यंत्रावर काही अक्षरे म्हणजे अर्धे अक्षर आणि त्यापुढे काना. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी येते. रफार अक्षर झाल्यावर मागून चढवायचा. टंक करणाऱ्यांनी हीच रीत उचलली होती, त्यामुळे फाइलमधले बाइट मराठीच्या उच्चाराप्रमाणे न लागता टंकलेखन यंत्राच्या हातवळणाप्रमाणे लागले आहेत. हे एकदा समजल्यावर सगळा तक्ता दिशेला लागला. "निर्मिती" हा शब्द युनिकोडमध्ये न, पहिली वेलांटी, र, हलन्त, म, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी असा आठ चिन्हांचा. आईच्या फाइलमध्ये तो वेलांटी, न, वेलांटी, म, रफार, त, दुसरी वेलांटी असा सात तुकड्यांचा आहे.

कीबोर्डवर न मावणारी जोडाक्षरे ती ऑल्ट धरून आकडे मारून काढत असे. त्यांचा तक्ता मॉनिटरच्या डाव्या अंगाला चिकटवलेला असे, तो कधीच गळून पडला, पण ३८ आकड्यांपैकी ३१ तिने न अडखळता सांगितले. उरलेले सात मी आकारावरून ओळखले. ती पुढे ज्या वेगाने सांगत होती त्या वेगाने मला लिहिता येत नव्हते.

रविवार, १५ डिसेंबर २०२४

रूपांतराचा प्रोग्रॅम लिहिला. तुकडे जोडणे सोपे, क्रम फिरवणे किचकट. सर्वांत त्रास कान्याने दिला : अर्ध्या अक्षराला पूर्ण करणारा काना आणि आ-काराचा काना हे फाइलमध्ये एकच चिन्ह आहेत, म्हणून अर्ध्या अक्षरानंतरचा पहिला काना गिळायचा आणि दुसरा ठेवायचा, असा नियम करावा लागला.

संध्याकाळी पहिल्या ५० ओव्या छापून आईला दिल्या. तिने चष्मा लावून तिसऱ्याच ओवीवर बोट ठेवले. ओवीत माहेरच्या वाटेवरच्या दऱ्या होत्या. माझ्या कागदावर दर्या छापला होता. मराठीत र आणि य यांची जोडी दोन प्रकारे लिहिली जाते, एक रफाराची आणि एक अर्धचंद्रासारख्या र ची, आणि हिंदीला दुसरीची गरज नसल्यामुळे मी कुठूनतरी उचललेल्या नियमावलीत ती नव्हतीच. परिणामी मावळात समुद्र आला. युनिकोडने या र साठी ऱ हे वेगळे अक्षर, ०९३१ क्रमांकाचे, ठेवले आहे. त्याला हलन्त लावून य जोडला की काम होते. दुरुस्ती एका ओळीची होती. त्यानंतर कैऱ्या, गोऱ्या, पायऱ्या, साऱ्या सगळ्या जागेवर आल्या. ३१२ ओव्यांत असे शब्द ४६ वेळा आले आहेत.

रविवार, २२ डिसेंबर २०२४

आज कॅप्चर फाइली उघडल्या.

ताई ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकेला शिकायला गेली. तिला पत्र पोहोचायला दोन आठवडे लागत आणि फोनचे दर ऐकूनच बोलणे आटपत असे. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमच्या सेवेतून, आधी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे. पुण्याचे केंद्र त्यानंतरचे. चित्रे दिसणारे टीसीपी/आयपी खाते वर्षाला १५,००० रुपयांचे होते, म्हणजे आमच्या घरात ज्याचा विषयही निघणार नाही असे; पण विद्यार्थ्यांना शेल खाते ५०० रुपयांत मिळे, आणि मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. शेल खात्यात काळ्या पडद्यावर अक्षरे, एवढेच जग. पत्रांसाठी पाइन, वेबसाठी लिंक्स, आणि पत्त्यात जीआयएएसपीएन०१ हे उच्चारता न येणारे नाव, ज्यातला पीएन म्हणजे पुणे. तो पत्ता मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता आणि मित्रांना मुद्दाम वही उघडी ठेवून दाखवत असे.

टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणारा मोडेम बाहेर ठेवायचा, डबीसारखा. आमच्या एक्सचेंजच्या डायल टोनला तो डायल टोन मानत नसे, म्हणून आधी एटीएक्स३ देऊन त्याला टोनची वाट पाहू नको असे सांगावे लागे. रात्री ११ नंतर प्रयत्न सुरू. लाइन लागली की त्याचा तो घरघराट, शीळ आणि शेवटी वाळू ओतल्यासारखा आवाज, मग आई झोपेतून विचारी, "लागला का?" मीटर चालू असल्यामुळे आम्ही वाचत बसत नसू. पत्रे पडद्यावरून सरकवायची, टेलिक्स ती कॅप्चर फाइलमध्ये उतरवून घेई, फोन ठेवायचा आणि मग सगळ्यांनी मिळून वाचायचे. उत्तर आधीच टाइप करून ठेवलेले असे, ते दुसऱ्या रात्री एका दमात वर चढवायचे. म्हणून ही पत्रे आज शिल्लक आहेत. पाइनमध्येच वाचली असती तर खात्याबरोबर गेली असती. जागोजागी लाइनीतल्या खरखरीची निरर्थक चिन्हे मध्येच घुसलेली आहेत, आणि दोन ठिकाणी पत्र शब्दाच्या मध्यावर तुटले आहे, कारण शेजारच्या खोलीतले एक्स्टेन्शन कोणीतरी उचलले होते.

एक गोष्ट मी विसरलो होतो. ज्या संगणकावर आई दिवसभर देवनागरीत पुस्तके लावत असे, त्याच संगणकावरून रात्री ताईला जाणारे पत्र मात्र रोमन लिपीतल्या मराठीत असे. टपाल वाहून नेणारी यंत्रणा तेव्हा भरवशाने सातच बिट नेई, म्हणजे १२८ चिन्हे, आणि आईच्या टंकातले बहुतेक तुकडे त्यापलीकडचे. शिवाय तो टंक ताईकडे नव्हता. अविनाश चोपडे यांची आयट्रान्स ही रोमनमधून देवनागरी छापण्याची पद्धत उपलब्ध होती, ताईने तिच्याबद्दल एका पत्रात लिहिलेही आहे, पण कुठे मोठे अक्षर, कुठे छोटे हे पाळण्याचा धीर आमच्याकडे नव्हता. घरातली मराठी उंबरठ्यावर कपडे बदलून बाहेर पडे.

नोव्हेंबर १९९७ च्या एका पत्रात, मी ताईला पाठवलेल्या बंधूच्या सात ओव्या सापडल्या. गेलेल्या नऊपैकी सात.

शनिवार, २८ डिसेंबर २०२४

एका मित्राकडून दुसरा जुना मोडेम मिळाला, म्हणून दोन मोडेम टेलिफोनच्या तारेने समोरासमोर जोडले, तारेत नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक रेझिस्टर घातला, एकाला डायल करायला आणि दुसऱ्याला उचलायला सांगितले. घरघर, शीळ, वाळू. पडद्यावर ३३६०० आले. प्रकल्पाला याची गरज नव्हती. आईने आतल्या खोलीतून विचारले, "लागला का?"

रविवार, ५ जानेवारी २०२५

सात ओव्या रोमनमधून देवनागरीत आणताना पुन्हा तोच शब्द आडवा आला. एका ओवीत बंधू काहीतरी ओलांडून बहिणीच्या घरी येतो, आणि ते जे काही आहे ते मी त्या वेळी रोमनमध्ये ज्या पाच अक्षरांनी लिहिले, त्यांतून दऱ्याही वाचता येते आणि दर्याही. प्रोग्रॅमला एका ओळीची दुरुस्ती पुरली होती. इथे दुरुस्त करायला मूळच शिल्लक नाही. ताईचे उत्तर पुढच्याच कॅप्चर फाइलमध्ये आहे. तिने दर्या वाचले होते. तिने लिहिले होते की समुद्र ओलांडून येणाऱ्या भावाची ओवी तिने कागदावर काढून टेबलासमोर लावली आहे, आणि आजीला समुद्र कसा माहीत, असे विचारले होते. त्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलेले दिसत नाही. बहुधा माझी परीक्षा होती.

आज तिला व्हिडिओ कॉल लावून विचारले. तिला ओवी पाठ होती, दर्यासकट. आई पडद्यासमोर येऊन म्हणाली, "अगं, तिनं समुद्र पाहिला तो सत्तराव्या वर्षी, अलिबागला. वेल्ह्यात कुठला दर्या? दऱ्या गं, दऱ्या. तुझा मामा गुंजवणीच्या खोऱ्यातनं चालत यायचा." ताई थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की ती मात्र आपली ओवी बदलणार नाही.

फाइलमध्ये "दऱ्या" घेतले आहे. ताईचा पाठ तळटिपेत.

उरलेल्या दोनपैकी एक, १४७ वी, आईने आठवून सांगितली; शेवटचा अर्धा भाग पुढच्या शुद्ध सेक्टरमध्ये शिल्लक असल्यामुळे ताडूनही पाहता आला, आणि जुळला.

मंगळवार, १४ जानेवारी २०२५

संक्रांत. सर्व ३१२ ओव्यांचे प्रूफ आईने लाल पेनने तपासून परत दिले. एकूण १९ दुरुस्त्या आहेत. त्यांपैकी १७ माझ्या प्रोग्रॅमच्या, आणि दोन तिने १९९७ मध्ये केलेल्या टायपिंगच्या चुका. त्यांच्यावर तिने प्रकाशकांच्या प्रुफांवर करत असे तसाच गोल काढून समासात "माझी" असे लिहिले आहे. १४६ व्या ओवीसमोर मी "उपलब्ध नाही" असे छापले होते. ते शब्द तिने खोडले आहेत, क्रमांक ठेवला आहे, आणि दोन ओळींची जागा कोरी सोडण्याची खूण केली आहे.